कोड हीसुद्धा पाटीच आहे : मराठी भाषा विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला खुलं पत्र

प्रति,
मराठी भाषा विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : लोकांसाठी लावलेल्या क्यूआर कोडशेजारी मराठी मजकूर असण्याबाबत

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र कशासाठी आहे ते कळेल. राज्यात सरकारी कार्यालय, दवाखाना, शाळा, बसस्थानक, बँक किंवा दुकान, कुठेही लोकांसाठी क्यूआर कोड लावलेला असेल, तर तो कशाचा आहे, कुणी लावला आहे आणि ज्याच्याजवळ तसा फोन नाही त्यानं काय करायचं, हे त्याच्या शेजारी मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं. कोड उघडल्यावर जे दिसेल तेही मराठीत असावं. माझं म्हणणं एवढंच आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, पीकविमा, अकरावीचा प्रवेश, भरतीची हॉलतिकिटं, सगळं इथं होतं. पूर्वी लोक हातात कागद घेऊन यायचे. आता फोन घेऊन येतात आणि फोनमध्ये भिंतीवरच्या कोडचा फोटो असतो. "ताई, हे तिकडं लावलंय. सगळे म्हणाले स्कॅन करा. बघा बरं काय म्हणतंय." कशाचा कोड आहे हे त्यांना माहीत नसतं, कारण तिथं तसं लिहिलेलंच नसतं. मग मी तो फोटो माझ्या संगणकावर घेते, उघडते आणि वाचून सांगते. कधी तो तक्रार नोंदवायचा फॉर्म निघतो, कधी योजनेची माहिती, कधी पैसे भरायचा कोड. माणूस तीन किलोमीटर चालत आलेला असतो, आणि हे त्याला त्या भिंतीपाशीच कळायला हवं होतं.

फोनबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवते. आमच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या मावशींना अक्षरओळख नाही. त्यांच्या टोपलीशेजारी छोटा स्पीकर असतो, पैसे आले की तो मराठीत मोठ्यानं रक्कम सांगतो. मावशी स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. २०१६ साली यूपीआय सुरू झालं तेव्हा ते शहरातल्या लोकांचं काहीतरी आहे असं आम्हाला वाटायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात त्यावरून महिन्याला दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले, आणि त्यांत दहा रुपयांच्या कोथिंबिरीचेही आहेत. गरिबातला गरीब विक्रेता त्यात आला, याला माझ्या मते दोन कारणं आहेत. कोडचा कागद फुकट मिळाला आणि यंत्र त्याच्या भाषेत बोललं. त्या स्पीकरला मराठी शिकवायला कुठल्याही सरकारला हुकूम काढावा लागला नाही. विक्रेत्याचा विश्वास बसल्याशिवाय धंदा होणार नाही, हे कंपन्यांना कळत होतं. सरकारी भिंतीवरच्या कोडलाही लोकांचा विश्वास तितकाच लागतो.

माझी मुलगी पुण्यात शिकते. रात्री रिक्षात बसली की प्रवासाची लिंक मला पाठवते. रिक्षा बोलावायचं ते अ‍ॅप माझ्या फोनवर नाही, तरी लिंक उघडते. रिक्षाचा नंबर, चालकाचं नाव आणि नकाशावर सरकणारा ठिपका दिसतो. ती खोलीवर पोहोचली की लिंक बंद होते, आणि तशीच ती बंद व्हायला हवी. त्या ठिपक्यानं आईच्या जिवाला किती स्वस्थता मिळते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या सासूबाईही तो बघतात. एकदा त्यांनी विचारलं, "वरून उपग्रहाला पोरगी दिसते का गं?" दुकानातही हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून त्याचं उत्तर आता मला पाठ झालं आहे. उपग्रहाला आपण दिसत नाही. तो फक्त वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा संदेश पाठवत असतो. आपला फोन निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, कुठला किती उशिरा पोहोचला यावरून स्वतःची जागा काढतो आणि मग ती जागा मोबाईलच्या नेटवर्कवरून पुढं कळवतो. कळवायचं की नाही हे फोनवाल्याच्या हातात असतं. हे एकदा सांगितलं की लोकांची भीती जाते आणि कुठल्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी द्यायची याचा ते स्वतः विचार करतात. एवढं साधं स्पष्टीकरण मराठीत कुठल्या फलकावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आता कोडकडे येते. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यात खोक्यावरच्या साध्या रेघांच्या बारकोडमध्ये फारच थोडी माहिती मावायची, एकेका खोक्यावर अनेक बारकोड लागायचे आणि कामगारांना ते एकामागून एक स्कॅन करत बसावं लागायचं. म्हणून हा चौकोनी कोड आला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन यंत्राला सांगतात की कोड इथं आहे आणि त्याची बाजू अशी आहे. त्याचा काही भाग, सगळ्यात वरच्या प्रकारात ३० टक्क्यांपर्यंत, खराब झाला तरी तो वाचता येतो, कारण कारखान्यात तेल आणि धूळ असणारच. पेटंट असूनही कंपनीनं तो सगळ्यांना वापरू दिला, म्हणून आज तो जगभर आहे. पण तो यंत्रानं वाचण्यासाठी केलेला आहे, हे विसरून चालणार नाही. कारखान्यातल्या खोक्यावर ते ठीक होतं, तिथल्या माणसाला खोक्यात काय आहे ते माहीत असायचं. तोच कोड तहसीलच्या भिंतीवर एकटा लावला तर समोरच्या माणसाला त्यातलं काहीच वाचता येत नाही. पदवीधर आणि निरक्षर, दोघंही त्याच्यापुढे सारखेच.

म्हणून मी त्याला पाटी म्हणते. आणि पाटीबद्दल आपल्या राज्यानं ठाम भूमिका घेतलेली आहे. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी नामफलक बंधनकारक केला. देवनागरीतली अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, हेही त्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या बाजारपेठेतल्या पाट्याही तेव्हाच बदलल्या. त्याचा मला आनंद आहे. पण त्याच पाटीखाली काचेवर चिकटवलेला कोड उघडला की आत सगळं इंग्रजी असतं. दुकानाचं नाव मराठीत आणि दुकानात काय मिळतं, वस्तू परत कशी करायची, तक्रार कुठं करायची हे सगळं इंग्रजीत. गिऱ्हाइकाला नावापेक्षा हे दुसरंच जास्त लागतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या भाषेत हॉटेलचं दरपत्रक आणि दवाखान्याची वेळ फोनवर वाचता आली पाहिजे, ही अपेक्षा जास्त नाही.

हे कसं करावं याचा नमुना आमच्याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्या बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून त्यांच्या कामाची पद्धत मोलाची वाटते. त्यांनी पुस्तकातला मजकूर आधी मुलांच्या मातृभाषेत आणला आणि मग त्यावर कोड लावले. कोड उघडला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. २०१७ साली राज्य सरकारनं पाठ्यपुस्तकांत कोड आणायचं ठरवलं. आज माझ्या दुकानात प्रकल्पाच्या प्रिंटा काढायला येणारी पोरं बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड सहज उघडतात. ज्या घरात फोन नाही तिथली मुलगीही तोच धडा वाचू शकते, कारण पान पूर्ण आहे. कोड त्यात भर घालतो, पानावरचं काही काढून घेत नाही. भिंतीवरच्या प्रत्येक कोडला मी हीच कसोटी लावते. फोन नसेल तर समोरच्या माणसाच्या हातात काय उरतं?

या कसोटीवर काही गोष्टी चांगल्या उतरतात. घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणानं १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला. घर घेणाऱ्याला तिथल्या तिथं प्रकल्पाची नोंदणी, मुदत, खटले बघता येतात. त्याच जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळही छापावं लागतं, त्यामुळे साधा फोन असलेला माणूस तो क्रमांक कागदावर उतरवून माझ्याकडे आणतो आणि आम्ही दोघं मिळून बघतो. डिजिटल सहीचा सातबारा मराठीत निघतो, म्हणून ऐंशी वर्षांचे आजोबा चष्मा पुसून स्वतः गट नंबर आणि वारसांची नावं तपासतात. मला वाचून दाखवावं लागत नाही.

औषधांचं मात्र मला राहून राहून वाटतं. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर कोड छापणं सक्तीचं झालं. त्यात औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक एवढं असावं लागतं. बनावट औषध ओळखायला हे फार उपयोगाचं आहे. पण दुकानात कुणी पाकीट आणून स्कॅन करायला सांगतं तेव्हा त्याला बॅच क्रमांक नको असतो. ही गोळी आईची की बाबांची, रक्तदाबाची की साखरेची, तारीख उलटून गेली का, एवढंच त्याला हवं असतं. जे उघडतं ते इंग्रजीत, बारीक अक्षरांत. मी औषधाच्या दुकानदाराकडे पाठवते, स्वतः अंदाज सांगत नाही. हा नियम केंद्राचा आहे, तुमच्या अखत्यारीत नाही, हे मला माहीत आहे. तरी राज्यानं केंद्राकडे शिफारस करावी, की त्याच कोडमागच्या पानावर राज्यांच्या भाषांत निदान औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख दिसावी. तारीख चुकली तर जिवाशी गाठ असते.

बसचं सांगते, कारण दिवसभर मी स्टँडकडे तोंड करून बसलेली असते. १ जानेवारी २०१९ पासून देशात नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांत, रिक्षा आणि ई-रिक्षा वगळता, ठिकाण कळवणारं यंत्र आणि मदतीचं बटण असणं बंधनकारक आहे. म्हणजे गाडी कुठवर आली ही माहिती तयार होते. ती फक्त प्रवाशाच्या अ‍ॅपमध्ये का असावी? १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी निघाल्यापासून एसटीचा प्रवासी फलाटावरचा फलक आणि चौकशीच्या खिडकीवरचा आवाज यांवर विसंबत आला आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आहे, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे सरकारनं ज्यांना खास बोलावून गाडीत बसवलं, त्यांच्यातच स्मार्टफोन सगळ्यात कमी. अ‍ॅपमधला ठिपका वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर आणा आणि त्यांना माइकवरून सांगू द्या, "पंढरपूरहून येणारी गाडी अर्ध्या तासात येते." फलाटावर मोठा पडदा लावला तर गावांची नावं देवनागरीत लावा. फोनवाल्याला फोनवर कळेल, आजीला कानावर पडेल. यंत्राचा खर्च तर आधीच झालेला आहे.

फसवणुकीचा मुद्दा वेगळा नाही. कोडवर कोड चिकटवून पैसे दुसरीकडे वळवण्याचे प्रकार होतात. "पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करा आणि पिन टाका" असं सांगून खाती रिकामी करतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. हे एक वाक्य प्रत्येक बँकेच्या आणि पतपेढीच्या कोडशेजारी मराठीत छापलेलं असतं तर रडत माझ्या दुकानात आलेली काही माणसं वाचली असती. कोडखाली खातेदाराचं नाव मोठ्या अक्षरांत असेल तर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर आलेलं नाव त्याच्याशी ताडून बघता येतं. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन करायचा, हेही तिथंच लिहा. उशीर झाला की पैसे पुढं निघून जातात.

"आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे" असं मला अधिकारीही सांगतात आणि तरुण पोरंही. घरात फोन असतो, हे खरं आहे. पण तो एक असतो आणि मुलाबरोबर एमआयडीसीत गेलेला असतो. ओटीपी त्या फोनवर येतो आणि आई इथं माझ्या काउंटरपाशी उभी असते. एका योजनेच्या अर्जाच्या वेळी बायका लेकरं कडेवर घेऊन बसल्या होत्या, कारण नवरा कामावरून फोन उचलत नव्हता आणि ओटीपीची मुदत संपत होती. काच फुटलेली असते, कॅमेरा धूसर असतो, नेटचा पॅक संपलेला असतो. डोळ्यांत मोतीबिंदू असतो. सरकारी दवाखान्यांत २०२२ पासून कोड स्कॅन करून केसपेपरचा टोकन घ्यायची सोय आली, त्यानं रांग कमी होते, मी स्वतः पाहिलं आहे. ती सोय वाढवा, पण शेजारची खिडकी बंद करू नका, आणि ती कुठं आहे हे कोडच्या फलकावरच बाण काढून दाखवा.

काही तांत्रिक गोष्टी माहिती तंत्रज्ञान विभागासाठी लिहिते, कारण त्या रोज माझ्या हाताखालून जातात.

फुकटच्या संकेतस्थळांवर केलेले कितीतरी कोड आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर जातात आणि तिथून पुढं. फुकटची मुदत संपली की कोड मरतो. एका कार्यालयाबाहेरचा रंगवून घेतलेला फलक अशा मेलेल्या कोडसह अजून उभा आहे, लोक अजून त्याच्यापुढे फोन धरतात. शासकीय कोड थेट शासनाच्या स्वतःच्या पत्त्यावर गेला पाहिजे आणि तो पत्ता खाली छापलेला असला पाहिजे. सरकारी पत्ता डोळ्यांनी वाचता आला की बनावट कोडही पकडता येतो.

दुसरं, कोड उघडल्यावर शासन निर्णयाची स्कॅन केलेली पानं उघडू नयेत. ती मोठी असतात, खेड्यातल्या नेटवर उतरत नाहीत, बोटांनी मोठी करून सरकवत वाचावी लागतात. आणि ते चित्र असतं, अक्षरं नसतात. मजकूर युनिकोड मराठीत, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या अक्षरांत, असेल तर तो फोनला मोठ्यानं वाचून दाखवता येतो. अंध माणूस तो ऐकू शकतो, माझ्या कोथिंबिरीच्या मावशी ऐकू शकतात. चित्रातला मजकूर फोनला तसा सहज वाचून दाखवता येत नाही. इतकी साधी गोष्ट आहे, फक्त करायचं ठरवलं पाहिजे.

मराठी भाषा विभागाला माझी विनंती अशी, की एक नमुना फलक तयार करून द्या. कोडचा आकार किती, अक्षरं केवढी, कोणत्या ओळी असाव्यात. ग्रामपंचायतीचा शिपाई असो की शाळेचे मुख्याध्यापक, वरून आलेला नमुना ते तसाच उतरवतात. आज नमुनाच नाही, म्हणून प्रत्येक जण कोरा कोड चिकटवून मोकळा होतो. माझ्या दुकानाबाहेर मी हे केलं आहे. पैसे देण्याच्या कोडवर दुकानाचं नाव, खातेदाराचं नाव, "रोख पैसेही घेतले जातील", आणि खाली पिनबद्दलचं ते वाक्य. लोक थांबून वाचतात. काहींनी आपापल्या दुकानासाठी तसंच छापून मागितलं, मी देते.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात. तेव्हा हा नमुना जाहीर करता आला तर बरं होईल. पाट्यांच्या नियमात "कोड किंवा स्कॅन करायचं कोणतंही चिन्ह" एवढे शब्द घाला, आणि आधी शासनाच्या स्वतःच्या कार्यालयांना तो लागू करा, दुकानदारांना नंतर. आमच्या तालुक्यातल्या कार्यालयांसाठी मजकूर लिहून, छापून, लॅमिनेट करून द्यायला माझं दुकान तयार आहे. छपाईचे पैसे घेणार नाही, आकार तेवढे कळवावेत.

आपली नम्र,
एसटी स्टँडसमोरची एक दुकानदार
सोलापूर जिल्हा